चिंचोक्यापासून अंकापर्यंत: लहान मुलांना खेळातून गणित कसे उमगते

ग्रामीण भारतातील मुलांचे वाचन आणि अंकगणित तपासणारा ‘असर’ अहवाल प्रसिद्ध झाला की त्यातला वजाबाकीचा आकडा हमखास मथळ्यात येतो. २०२४ च्या पाहणीनुसार तिसरीतील ३३.७ टक्के मुलांनाच दोन अंकी, दशक मोडून करावी लागणारी वजाबाकी जमली. २०२२ मध्ये हे प्रमाण २५.९ टक्के होते, म्हणजे सुधारणा झाली आहे. तरीही तिसरीत बसणाऱ्या दर तीन मुलांपैकी साधारण दोघांना ४२ मधून १७ वजा करताना अडचण येते. तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला वाचन आणि पायाभूत गणित यावे, यासाठी केंद्र शासनाने ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले आणि त्यासाठी २०२६-२७ ही मुदत ठरवली. तेव्हापासून बालवाड्यांत आणि पहिली-दुसरीच्या वर्गांत मणी, काड्या, ठोकळे, सोंगट्या पुष्कळ दिसू लागल्या आहेत.

घरी मात्र एक शंका वारंवार बोलून दाखवली जाते. मूल शाळेत दिवसभर मणी ओवते, काड्या मोजते आणि वही तर कोरीच घेऊन येते. मग ते गणित शिकणार कधी? ही शंका रास्त आहे. ती झटकून न टाकता, खेळताना मुलाच्या मनात नेमके काय घडते आणि काय आपोआप घडत नाही, हे नीट पाहिले पाहिजे.

मोजता येणे म्हणजे काय

तीन वर्षांचे मूल ‘एक, दोन, तीन’ पासून दहापर्यंत घडाघडा म्हणून दाखवते, तेव्हा घरात कौतुकाची लाट येते. पण पुष्कळदा त्याचे हे म्हणणे आरतीसारखे असते. आरती पाठ असलेल्या मुलाला चाल आणि क्रम पक्का माहीत असतो, कोणता शब्द कुठे संपतो आणि त्याचा अर्थ काय, हे अजून ठाऊक नसते. अंकांची माळ पाठ होणे ही मोजण्याची पहिली पायरी खरीच, पण त्यापलीकडे आणखी बरेच काही यावे लागते.

रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजण्यामागची पाच तत्त्वे मांडली. त्यांपैकी दोन पालकांनी जरूर समजून घ्यावीत. पहिले तत्त्व ‘एकास एक संगती’ या नावाने ओळखले जाते. प्रत्येक वस्तूला एकच अंकनाम द्यायचे, कोणतीही वस्तू गाळायची नाही आणि कोणतीही दोनदा मोजायची नाही, एवढाच त्याचा अर्थ. दुसरे तत्त्व असे की मोजताना शेवटी उच्चारलेला अंक हा त्या शेवटच्या वस्तूचे नाव नसून सगळ्या समूहाची संख्या असतो. मोठ्यांना हे इतके सरावाचे झालेले असते की यात शिकण्यासारखे काही आहे, हेच मुळी लक्षात येत नाही.

मूल कुठवर आले आहे, हे घरच्या घरी पाहता येते. पाटावर पाच चिंचोके ओळीने मांडावेत आणि ते मोजायला सांगावे. मूल बोट ठेवत पाचपर्यंत बिनचूक मोजते. लगेच विचारावे, ‘मग किती चिंचोके आहेत?’ अनेक मुले उत्तर न देता पुन्हा एकपासून मोजू लागतात, कारण ‘किती’ हा प्रश्न त्यांच्या लेखी मोजण्याचा हुकूम असतो. आता उलटी बाजू पाहावी. चिंचोक्यांचा ढीग पुढे ठेवून ‘मला चार दे’ असे म्हणावे. दहापर्यंत मोजणारे मूलही मूठभर चिंचोके उचलून हातावर ठेवते. ‘दे’ म्हटल्यावर ते चारला थांबू लागले की संख्या त्याला कळू लागली असे समजावे. हा टप्पा बहुतेक मुले साडेतीन ते साडेचार वर्षांच्या आसपास गाठतात, कुणी थोडे आधी, कुणी थोडे उशिरा, आणि त्यात काळजी करण्यासारखे काही नाही.

बालमानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी दाखवलेली आणखी एक गोष्ट येथे सांगायला हवी. सहा-सहा चिंचोक्यांच्या दोन ओळी समोरासमोर मांडल्या आणि मुलादेखत त्यांतली एक ओळ लांबवर पसरवली, तर चार वर्षांचे मूल पुष्कळदा ‘इथे जास्त आहेत’ असे लांब ओळीकडे बोट दाखवून सांगते. त्याला रागावून उपयोग नाही आणि ‘अरे, सारखेच आहेत’ असे शंभरदा सांगूनही नाही. चिंचोके स्वतःच्या हातांनी पुन्हा जवळ आणणे, एकासमोर एक लावणे, परत पसरवणे, हे अनेकदा केल्यावर मांडणी बदलली तरी संख्या बदलत नाही, हे त्याचे त्यालाच उमगते. हाताने करण्याचे महत्त्व आहे ते याच जागी: वस्तू हलवता येते, म्हणून आपली समजूत तपासून पाहता येते. वहीतल्या छापील चित्रातले चिंचोके जागचे हलत नाहीत.

चार चिंचोके आणि पंचवीस घरे

आपल्याकडे कुठे चल्लस आठ, कुठे अष्टाचंग अशा नावांनी ओळखला जाणारा खेळ अनेक घरांत अजून खेळला जातो. जमिनीवर खडूने पाच ओळी आणि पाच रांगांची पंचवीस घरे आखायची आणि फाशाऐवजी चिंचोक्यांचे चार अर्धे भाग टाकायचे. प्रत्येक तुकड्याची आतली बाजू पांढरी आणि पाठ काळपट असते. जितके पांढरे वर, तितकी घरे सोंगटी पुढे जाते. चारही पांढरे पडले तर चार, आणि एकही पांढरा नसेल तर थेट आठ.

आजी आणि पाच वर्षांची नात हा खेळ खेळत आहेत असे समजा. चिंचोके पडतात आणि नात एकेकावर बोट ठेवून ‘एक, दोन, तीन’ मोजते. काही दिवसांनी ती मोजणे सोडून देते, कारण तीन ठिपके किंवा तीन वस्तू एका नजरेत ओळखण्याची क्षमता माणसाच्या मेंदूत असतेच आणि सरावाने तिला अंकनामाची जोड मिळते. पुढे आजी एक चिंचोका ओंजळीखाली झाकते आणि म्हणते, ‘तीन दिसताहेत, मग माझ्या हाताखाली किती?’ नात क्षणभर थांबते आणि म्हणते, ‘आजी, तू एक लपवलास!’ तीन आणि एक मिळून चार, चारातून तीन गेले की एक, ही बेरीज आणि वजाबाकी एकाच वेळी तिच्यासमोर उभी राहते, आणि दोन्ही क्रिया एकमेकींच्या उलट आहेत हे वेगळे सांगावे लागत नाही. मात्र ओंजळीखाली झाकण्याची कल्पना आणि तो प्रश्न आजीचा आहे. चिंचोके नुसते पुढ्यात टाकून दिले असते तर नातीने त्यांची रांगोळी मांडली असती, आणि तेही छानच झाले असते, पण त्यातून चाराची फोड तिला मिळाली नसती.

पटावरच्या खेळांविषयी एक अभ्यास प्रसिद्ध आहे. गीता रमाणी आणि रॉबर्ट सीगलर यांनी २००८ मध्ये अमेरिकेतील कमी उत्पन्न गटातील बालवाडीच्या मुलांना एका सरळ पट्टीवर १ ते १० अंक असलेला खेळ खेळायला दिला. दुसऱ्या गटाला तसाच, पण अंकांऐवजी रंग असलेला खेळ दिला. प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटांच्या अवघ्या चार बैठकांनंतर अंकांची पट्टी खेळलेल्या मुलांचे अंक ओळखणे, मोजणे आणि दोन संख्यांतील मोठी कोणती हे सांगणे पुष्कळ सुधारले. नऊ आठवड्यांनंतरही तो फरक टिकून होता. रंगांचा खेळ खेळलेल्या मुलांत असा बदल दिसला नाही. पुढे २०१४ मध्ये एलिडा लास्की आणि सीगलर यांनी १०० पर्यंतच्या पटावर पाहिले, तेव्हा आणखी बारीक गोष्ट पुढे आली. सोंगटी पाचव्या घरावर आहे आणि दोन पडले, तर ‘एक, दोन’ असे म्हणत सरकणाऱ्या मुलांना फारसा लाभ झाला नाही. ‘सहा, सात’ असे म्हणत सरकणाऱ्यांना झाला. पट, सोंगट्या आणि खेळायला दिलेला वेळ सारखाच, फरक पडला तो तोंडाने काय म्हटले त्यामुळे.

सापशिडी खेळताना हे आवर्जून करावे. अगदी लहान मुलांसाठी सापशिडीचा पट थोडा अवघड जातो, कारण एक ओळ डावीकडून उजवीकडे आणि पुढची उलट धावते. त्यांना आधी १ ते १० आणि मग १ ते २० ची सरळ पट्टी पुठ्ठ्यावर आखून द्यावी. चल्लस आठच्या घरांत अंकच नसतात, त्यामुळे तो खेळ लहान संख्यांची फोड शिकवतो, संख्यारेषा, म्हणजे ओळीने पुढे जाणारे अंक, नाही. प्रत्येक खेळ गणितातले सगळे काही शिकवू शकत नाही आणि तशी अपेक्षाही करू नये.

काड्यांचा गठ्ठा आणि अडलेली वजाबाकी

आता पुन्हा त्या ४२ वजा १७ कडे येऊ. २ मधून ७ जात नाहीत, म्हणून शेजारच्या ४ कडून १ घ्यायचा, तिथे ३ राहतात आणि इथे १२ होतात, हे वाक्य पिढ्यान् पिढ्या सांगितले गेले आहे. ज्याला ४ म्हणजे येथे चाळीस हे माहीत आहे त्यालाच ते कळते. बाकीच्यांना एक घेतला आणि दहा वाढले, हा हिशेब गूढच वाटतो, आणि मग ती मुले सोयीचा मार्ग काढून ७ मधून २ वजा करतात व ३५ असे उत्तर लिहितात.

खराट्याच्या हिरांचे बोटभर लांबीचे तुकडे करावेत आणि दहा-दहा तुकड्यांना रबर लावून गठ्ठे बांधावेत. हे गठ्ठे मुलानेच बांधायचे. तयार बांधून दिले तर अर्धे शिक्षण वाया गेले. चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या म्हणजे बेचाळीस. आता यातून सतरा काड्या दे, असे म्हटल्यावर मूल एक गठ्ठा काढून देते, सात सुट्या द्यायला जाते आणि अडते, कारण सुट्या दोनच आहेत. ‘मग आता काय करशील?’ एवढेच विचारून मोठ्यांनी गप्प बसावे. थोडा वेळ जातो, पण बहुतेक मुले स्वतःहून एका गठ्ठ्याचे रबर काढतात. हातात बारा सुट्या येतात, सात दिल्यावर पाच उरतात आणि शेजारी दोन गठ्ठे असतात. एक घेतला तर दहा कसे झाले, हा प्रश्नच येथे निर्माण होत नाही, कारण रबर त्यानेच काढले आहे. अंकाच्या जागेवरून ठरणाऱ्या या किमतीला पाठ्यपुस्तकात ‘स्थानिक किंमत’ म्हणतात.

पुष्कळ पालक याच कामासाठी थेट दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी वापरतात. पाच वर्षांच्या मुलासाठी ती घाई ठरते. दहाच्या नोटेत दहा रुपये दिसत नाहीत, ते मानावे लागतात. गठ्ठ्यात दहा काड्या दिसतात आणि मोडून मोजताही येतात. आधी गठ्ठे, मग नोटा हा क्रम ठेवावा.

मराठी मुलांपुढे आणखी एक पेच असतो. मराठीत ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी ऐकू येतो आणि साठ नंतर, लिहिताना मात्र ६ आधी येतो, त्यामुळे ऐकून लिहिणारे मूल सहज ३६ लिहून जाते. एकोणतीस, एकोणचाळीस यांत तर पुढच्या दशकाचे नाव घेऊन त्यातून एक कमी करायचा असतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पर्यायी पद्धत आली, तेव्हा राज्यभर वाद पेटला आणि गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना त्यामागची भूमिका पुन्हा पुन्हा समजावून सांगावी लागली. त्या वादात भाषेविषयी खूप बोलले गेले, मुलांच्या अडचणीविषयी फार कमी, याची मला आजही खंत वाटते. गठ्ठे आणि काड्या हाताशी असल्या तर दोन्ही पद्धती सुखाने नांदतात: सहा गठ्ठे, तीन सुट्या, ‘साठ आणि तीन, म्हणजे त्रेसष्ट’ असे म्हणत मुलाने ६ आणि ३ अंकांची पाने शेजारी ठेवली की ऐकलेले, पाहिलेले आणि लिहिलेले एका जागी येते.

मग नुसते खेळू दिले तर पुरे नाही का?

पुरे नाही, आणि खेळाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. मोइरा डिलन, एलिझाबेथ स्पेल्के, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीत ‘प्रथम’ संस्थेच्या बालवाड्यांतील १,५४० मुलांसह केलेला प्रयोग २०१७ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात काही मुलांना चार महिने संख्येचा अंदाज आणि आकार यांचे खेळ देण्यात आले. मुलांची कमी-अधिक ओळखण्याची आणि आकार पारखण्याची जाण वाढली आणि ती वर्षभरानंतरही टिकली. पण ही मुले पहिलीत गेल्यावर शाळेच्या गणितात इतरांच्या पुढे गेली नाहीत. २०२५ मध्ये ‘नेचर’ मध्ये प्रसिद्ध झालेला कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतील मुलांचा अभ्यास याच्याशी जुळतो. भाजी किंवा किरकोळ वस्तू विकणारी ही मुले तोंडी हिशेब झटपट आणि अचूक करत होती, तसलेच गणित कागदावर शाळेच्या पद्धतीने मांडले की अडत होती. आणि शाळेतली मुले बाजारातल्या तोंडी हिशेबाला अडत होती.

म्हणजे हाताची जाण आणि अंकाची लिपी या दोन गोष्टी आपोआप जोडल्या जात नाहीत, कुणीतरी जोडून द्याव्या लागतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तरासाठीच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात यासाठी चार पायऱ्यांचा क्रम दिला आहे: आधी वस्तूंचा अनुभव, मग त्याविषयी बोलणे, मग चित्र आणि शेवटी चिन्ह. आपल्याकडे चूक दोन्ही बाजूंनी होते. काही शाळा पहिल्या तीन पायऱ्या गाळून चिन्हापासून सुरुवात करतात, तर काही उत्साही वर्ग पहिल्याच पायरीवर मुक्काम ठोकतात. चल्लस आठ खेळताना प्रत्येक डावाचे गुण पाटीवर लिहून ठेवणे, आज ३ पांढरे आणि १ काळा, काल २ आणि २ असे मांडणे, मोडलेल्या गठ्ठ्याचे चित्र काढून त्याखाली ४२ − १७ लिहिणे, एवढ्या साध्या गोष्टींनी पुढचा रस्ता तयार होतो. कोरी वही पाहून शंका घेणाऱ्या पालकांनी शाळेत जाऊन विचारावे ते हेच, की मुले काड्या मोजल्यावर त्याविषयी बोलतात का आणि ते कशाने तरी नोंदवतात का.

पाढे पाठ करायचे की नाहीत?

जरूर करावेत. पावकी, निमकी, दीडकी, अडीचकीपर्यंत पाढे म्हणणाऱ्या पिढीचा तोंडी हिशेब चांगला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. शिवाय उत्तरे जिभेवर असली की मोठे उदाहरण सोडवताना मन मोकळे राहते. प्रश्न फक्त आधी काय आणि नंतर काय, याचा आहे. पुठ्ठ्यावर चार-चार चिंचोक्यांच्या तीन ओळी मांडून पुठ्ठा आडव्याचा उभा फिरवला, तर तीन-तीनच्या चार ओळी दिसतात आणि चिंचोके तेच बारा असतात. हे पाहिलेल्या मुलाला चार त्रिक बारा आणि तीन चोक बारा ही दोन वेगळी ओझी वाटत नाहीत, आणि पाढ्यांचे जवळपास निम्मे पाठांतर हलके होते.

साहित्य महाग पडते, वेळही नसतो

महागडी खेळणी लागतच नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे काम उभे केले, तेव्हा परिसरातली पाने, बिया, शिंपले आणि माती हेच त्यांचे साहित्य होते. माँटेसरी पद्धतीतील मण्यांच्या दशकमाळा सुंदर असतात, पण त्यांचे काम हिरांचे गठ्ठे तितक्याच नीटपणे करतात. एक खबरदारी मात्र घ्यावीच: तीन वर्षांखालील मुलांच्या हाती चिंचोके, मणी, राजमा असे लहान दाणे देऊ नयेत आणि त्यापुढेही कुणीतरी जवळ असावे, कारण ते घशात, नाकात किंवा कानात जाऊ शकतात. लहानग्यांसाठी वाट्या, चमचे, बटाटे, लिंबे उत्तम.

वेळेचे म्हणाल तर जेवणापूर्वी ताटे मांडताना ‘आज मामा आलाय, मग आणखी किती ताटे लागतील?’ हा प्रश्न विचारायला वेगळा तास लागत नाही. मोबाइलवरचे गणिताचे खेळ वाईटच असतात असे नाही, पण त्यांत वस्तू हाताला लागत नाही आणि मुलाचे उत्तर ऐकून पुढचा प्रश्न बदलणारे माणूस नसते. चार-पाच वर्षांच्या मुलासाठी हे दोन्ही मोलाचे आहे.

बोटांवर मोजू द्यावे का?

द्यावे. बोटे म्हणजे मुलाजवळ कायम असलेल्या दहा वस्तू. पहिली-दुसरीतील मूल बोटांवर मोजत असेल तर त्याचा हात खाली दाबू नये. पाचात तीन मिळवताना ते एका हाताची पाच बोटे पुन्हा मोजते की ‘पाच’ धरून ‘सहा, सात, आठ’ असे पुढे जाते, एवढे पाहावे. पहिले करत असेल तर सापशिडीतली पुढे मोजण्याची सवय त्याला येथेच उपयोगी पडते. उत्तरे तोंडी बसू लागली की बहुतेक मुलांची बोटे आपसूक गळून पडतात. भरपूर आणि विविध सराव होऊनही तिसरी-चौथीत मुलाला दोन लहान संख्यांतील मोठी कोणती हे ठरवताना झगडावे लागत असेल, साध्या बेरजा रोज नव्याने मोजाव्या लागत असतील, तर त्याला आळशी न ठरवता तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. अंकांशी संबंधित अशा अध्ययन अक्षमतेला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतांमध्ये तिचा समावेश आहे, आणि निदान लवकर झाले तर शाळेकडून मदत आणि परीक्षेतील सवलती मागता येतात.